बाळाचा वाढदिवस: पाचवीपासून केकपर्यंत

रानातली कामं आटोपून तुम्ही घरी आला असाल, रेडिओ चुलीजवळच्या फळीवर ठेवला असेल. हात कामात असू द्या, कान तेवढा आमच्याकडे द्या. आज बोलायचंय ते लेकरांच्या वाढदिवसाबद्दल.

गोष्ट सुरू झाली आमच्या गटाच्या बैठकीत. हजेरी झाली, बचत गोळा झाली, आणि एका काकूंनी पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण काय लिहायचं, असं आम्ही विचारलं. काकू म्हणाल्या, "नातवाचा पहिला वाढदिवस हाय." केक, मांडव, स्पीकर, चौकात फ्लेक्स आणि दीडशे माणसांचं जेवण, असा सगळा बेत त्यांनी सांगितला.

बैठकीत दोन तट पडले. एक ताई म्हणाली, कर्ज शेळीला द्यावं, बियाण्याला द्यावं, दवाखान्याला द्यावं. केकला कसलं कर्ज? दुसरी म्हणाली, लग्नाला देतो की आपण, मग वाढदिवसानं काय घोडं मारलंय? कोपऱ्यात बसलेल्या एक आजी हसून म्हणाल्या, "आमच्या वक्ताला कुणाला ठावं होता वाढदिवस? आम्हाला आमची तारीख बी ठावी न्हाई."

कर्जाचा निर्णय आम्ही पुढच्या बैठकीवर ढकलला. पण आजींचं बोलणं डोक्यातून जाईना. वाढदिवस आपल्या घरात आला कुठून? तो आधी नव्हता तर काय होतं? म्हणून आम्ही थोडं वाचलं, थोरल्या बायकांना विचारलं. हाती लागलं ते आज सांगतो.

आधी मोजायचे ते दिवस

पहिली गोष्ट ही की वाढदिवस आपल्याला नवा नाही. देवाचे वाढदिवस आपण कितीतरी पिढ्या करत आलो. रामनवमीला भर दुपारी आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री पाळणा हलतो, बायका पाळणे म्हणतात, सुंठवडा वाटतात. सुंठवडा म्हणजे बाळंतिणीच्या खाण्यातली वस्तू. देवाच्या जन्मातही आपण बाळंतीण विसरलो नाही. आणि हा वाढदिवस सगळ्या गावाचा, कुणा एकाच्या घरचा नव्हे.

माणसाच्या बाळाचं मात्र वेगळं होतं. तिथं वर्ष मोजायच्या आधी दिवस मोजावे लागत. पाचव्या दिवशी पाचवी. पाटा-वरवंटा मांडायचा, सटवाईची पूजा करायची, आणि बऱ्याच घरांत तिथं कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, असा समज. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, बाळाजवळ कुणीतरी जागं राहायचं. मग बाराव्या-तेराव्या दिवशी बारसं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, बायकांनी घुगऱ्या घेऊन घरी जायचं. पुढं मामाच्या हातून उष्टावण, मामाच्या मांडीवर जावळ. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. खाली पडलेलं वेचायला आळीतली सगळी पोरं हजर.

हे सगळे सोहळे बहुतेक पहिल्या एक-दोन वर्षांत दाटीनं का बसवले असतील? कारण तीच वर्षं धोक्याची. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या पाच लेकरांतलं साधारण एक लेकरू वर्षाच्या आत जायचं. १९७१ साली हजारी १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. आजींना आम्ही विचारलं, तुम्हाला मुलं किती? त्या म्हणाल्या, "झाली सात, ऱ्हायली चार." असं उत्तर देणारी बाई त्या पिढीत घरोघरी होती. पाचव्या दिवशी, बाराव्या दिवशी, पहिल्या संक्रांतीला ती मनात एकच म्हणत असणार, अजून आहे गं माझं बाळ. वाढदिवसाचं मूळ तिथं आहे. बाळ टिकलं, याचा तो आनंद आहे.

आज चित्र बदललंय. २०२० साली देशात हा आकडा हजारी २८ आणि आपल्या महाराष्ट्रात १६ होता. हे आपोआप झालं नाही. लसी आल्या, पाणी सुधारलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. आणि गावातल्या बायकांनी हे काम हातात घेतलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. नवजात बाळाला ऊब कशी द्यायची, त्याचा श्वास कसा मोजायचा, जंतुदोष कसा ओळखायचा, हे त्या शिकल्या आणि घरोघर जाऊन करू लागल्या. त्या गावांतले बालमृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागं या कामाचा मोठा वाटा आहे. म्हणून पहिल्या वाढदिवसाला पहिला पेढा आशाताईच्या हातावर ठेवावा, असं आम्हाला वाटतं.

राजाचा काटा आणि घरची पत्रिका

तारखेसकट वाढदिवस करणं ही पूर्वी मोठ्या घरची गोष्ट होती. ज्यांच्याकडे जोशी येऊन पत्रिका मांडायचे, त्यांना तिथी माहीत असायची. त्या घरांत वाढदिवसाला तीळ-गूळ घातलेलं दूध पाजत, आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजिवांची आठवण करत. त्यांच्यासारखं आयुष्य लाभो, एवढंच मागणं.

मुघल बादशहांचा थाट निराळा. वाढदिवसाला बादशहाला तराजूत बसवून सोन्या-चांदीनं तोलायचे. १६१७ साली मांडूला जहांगीर बादशहाची अशी तुला झाली, तेव्हा इंग्रज वकील टॉमस रो तिथं हजर होता. त्यानं ते लिहून ठेवलंय. तोललेलं धन पुढं दान व्हायचं. आपल्याकडेही शिवाजी महाराजांची १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी सुवर्णतुला झाली.

आणि तारखेचं म्हणाल, तर खुद्द महाराजांच्या जन्मतारखेवर किती वर्षं वाद चालला! कुणी १६२७ साल म्हणे, कुणी १६३०. जेधे घराण्याच्या जुन्या शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद सापडली. अभ्यासकांनी ती तपासली, आणि पुढं महाराष्ट्र शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. छत्रपतींच्या जन्माचा निवाडा शेवटी एका लिहून ठेवलेल्या ओळीनं केला.

मग आपल्या आज्या-पणज्यांची काय कथा? त्यांची वयं मोठ्या घटनांना बांधलेली. कुणी प्लेगच्या सालातली, कुणी गांधीजी गेले त्या सालची म्हणजे १९४८ ची. पानशेत फुटलं तेव्हा, म्हणजे १९६१ ला, कुणी पाळण्यात होती. कोयनेचा भूकंप १९६७ च्या डिसेंबरातला; त्या रात्री कुणाची आई पोटुशी होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जाताना कुणी काखेत होतं. मैत्रिणींनो, आपल्या भागाचा निम्मा इतिहास असा बायकांच्या बाळंतपणांत साठवलेला आहे. घरातल्या थोरल्या बाईला एकदा विचारून बघा.

एक जूनची मुलं

मग तारीख आली ती शाळेच्या दारातून. बाप पोराला घेऊन शाळेत गेला की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, पेरणीच्या वक्ताचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. वय बसलं पाहिजे म्हणून गुरुजी अंदाजानं साल धरायचे आणि लिहायचे, १ जून. म्हणून आपल्या महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेल्यांची गर्दी आहे. सरकारी नोकरीतली अशी माणसं ३१ मे रोजी एकदम निवृत्त होतात. ज्या मुली शाळेच्या पायरीपर्यंत पोचल्याच नाहीत, त्यांना ही अंदाजाची तारीखसुद्धा मिळाली नाही.

तारीख नसली तर काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बाईच्या बाबतीत फार बिघडतं.

रखमाबाईंची गोष्ट ऐका. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावून दिलं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला, तेव्हा नवऱ्यानं १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ साली आला. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली. पुढं त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतला बायकांच्या दवाखान्यात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. या खटल्यानं देश हलला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं. बारा! आणि त्यालाही केवढा विरोध झाला.

मग १९२९ साली हरबिलास सारडा यांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीच्या लग्नाला चौदा वर्षं पुरी हवीत. १९४९ साली चौदाचे पंधरा झाले, १९७८ साली अठरा. पण वय सिद्ध कशानं करायचं? आईबाप म्हणायचे अठराची आहे, आणि पोरगी दिसायची तेराची. कागद नसेल तर कायदा काय करणार? आपल्यातल्या किती जणींची लग्नं अशी तोंडी वयावर लागली, ते आपल्याला ठाऊक आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. बाळ झालं की एकवीस दिवसांत नोंद करायची, तिला फी नाही. इथं एक अडचण आपल्या बायकांचीच. नोंद होते ती जिथं बाळंतपण झालं तिथं. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे नोंद माहेरच्या गावाला, नाहीतर तिकडच्या तालुक्याच्या दवाखान्यात. बाळाचं नाव अजून ठेवलेलं नसतं, म्हणून नावाचा रकाना कोरा राहतो. बाळंतीण सासरी येते, आणि तो रकाना तसाच राहून जातो. नाव वर्षाच्या आत फी न भरता घालता येतं. त्यानंतर थोडी फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदललाय. त्या तारखेनंतर जन्मलेल्या लेकरांना शाळाप्रवेश, मतदारयादी, लग्नाची नोंद, पासपोर्ट, सरकारी नोकरी यांसाठी जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे.

मेणबत्ती, केक आणि जयंती

आता केककडे येऊ. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लावायची रीत जर्मनीकडची. १७४६ साली तिथल्या झिंझेनडॉर्फ नावाच्या सरदाराच्या वाढदिवसाला मोठा केक केला होता आणि त्यात वयाइतक्या मेणबत्त्या खोचल्या होत्या, अशी नोंद आहे. वाढदिवसाला आपण टाळ्या वाजवत म्हणतो त्या इंग्रजी गाण्याची चाल अमेरिकेतल्या हिल आडनावाच्या दोन बहिणींची. त्यांतली एक बालवाडीची बाई होती. १८९३ साली ती चाल छापली गेली तेव्हा ते सकाळी मुलांचं स्वागत करायचं गाणं होतं. म्हणजे एका अंगणवाडीताईचंच गाणं म्हणा की!

हे सगळं इंग्रजांबरोबर शहरात आलं, बेकऱ्यांमधून पसरलं, मग सिनेमानं आणि टीव्हीनं घरात आणलं. आम्ही शाळेत होतो तेव्हा वाढदिवस म्हणजे नवा फ्रॉक, वर्गात गोळ्या वाटणं आणि संध्याकाळी आईनं केलेलं औक्षण. केक एसटी स्टँडजवळच्या बेकरीच्या काचेत दिसायचा. आता तो गावच्या दुकानात मिळतो. केकमध्ये वाईट काही नाही. फक्त आजींचं एक म्हणणं आम्हाला पटलं. त्या म्हणतात, लेकराच्या नावानं लावलेला दिवा फुंकून कशाला विझवायचा? निरांजनानं ओवाळा, आणि दिवा देवापुढं ठेवा.

याच महाराष्ट्रानं वाढदिवसाचा आणखी एक अर्थ दाखवला. ज्या माणसांना जन्मावरून हिणवलं, त्यांनी आपल्या माणसाचा जन्मदिवस चौकात साजरा केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पहिली जाहीर जयंती १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुढाकार घेऊन केली. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई! त्यांचा वाढदिवस आज राज्यभर बालिका दिन आहे. जन्म साजरा करणं म्हणजे, तू आलीस ते बरं झालं, असं चारचौघांत सांगणं.

पण याच जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडत होती. मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचं नाव 'नकुशी' ठेवायचे. नको असलेली. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. त्यांतल्या कितीतरी जणींनी आपली नवी नावं स्वतः निवडली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या.

आमच्या गटात काय ठरलं

पुढची बैठक झाली. हे सगळं आम्ही थोडक्यात सांगितलं. मग हिशेब मांडला. पंधरा हजार, शेकडा दोन रुपयांनी, दहा हप्त्यांत फेडायचे तर व्याज १,६५०. म्हणजे एका संध्याकाळचे १६,६५०, आणि पुढं दहा महिने घर ओढाताणीत. काकू गप्प बसल्या. तेवढ्यात आजींनी विचारलं, "थोरल्या नातीचा कवा केलता गं?"

काकूंच्या घरी सहा वर्षांची नात आहे. तिचा वाढदिवस कधी केलाच नव्हता. तारीख? काकू म्हणाल्या, श्रावणातली हाय. सून म्हणाली, दाखला आहे, पण माहेरच्या तालुक्याचा. पोरगी यंदा पहिलीला जायची. दाखला काढून बघितला, तर जन्मतारीख होती, आईबापाचं नाव होतं, आणि पोरीच्या नावाचा रकाना कोरा होता. सहा वर्षं. बैठकीत कुणीच काही बोललं नाही. काकूंनाच रडू आलं. "माझ्याच हातनं ऱ्हायलं," म्हणाल्या. आम्ही म्हटलं, काकू, तुमच्या एकट्यांच्या नाही. त्याच दिवशी बैठकीतल्या सगळ्यांना दाखले बघायला सांगितलं, तर आणखी तीन घरांत तसंच निघालं. त्यांतलं एक घर आमच्याच भावाचं.

काकूंनी कर्ज मागं घेतलं नाही, कमी केलं. तीन हजार घेतले. सून आधी माहेरी जाऊन नोंदणी कार्यालयात अर्ज देऊन आली आणि पोरीचं नाव दाखल्यावर चढलं. मग वाढदिवस असा झाला: सकाळी नातवाला अंगणवाडीत नेऊन वजन केलं आणि लसीचं कार्ड ताईंकडून तपासून घेतलं. बादशहाला सोन्यानं तोलायचे, आपल्या बाळाला अंगणवाडीच्या काट्यावर तोललं. कुकरमध्ये मीठ घालून रव्याचा केक भाजला. शिरा, मटकीची उसळ, पुऱ्या. आळीतली तीस पोरं आणि गटातल्या बाया. दोन पाट मांडले, एकावर नातू, दुसऱ्यावर नात, आणि दोघांचं औक्षण एकाच ताम्हणातल्या निरांजनानं. पोरीला नवा फ्रॉक होता. ती सगळ्यांना आपलं पूर्ण नाव सांगत फिरत होती.

श्रावणातला तिचा दिवस आता घरच्या कॅलेंडरवर तांबड्या पेनानं लिहिलाय. त्या दिवशी केक असेल की नसेल, पाट मांडायचा हे काकूंनी कबूल केलंय.

आणि आम्ही गटाच्या वहीचं शेवटचं पान त्यासाठी ठेवलंय. प्रत्येकीच्या लेकरांचं नाव, दाखल्यावरची जन्मतारीख, आणि दाखला कुठल्या कार्यालयाचा ते. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरच्या मुलींना 'लेक लाडकी' योजनेत जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार रुपये मिळू शकतात. त्यालाही जन्मदाखला लागतोच. आणि उद्या कुणी सोळाव्या वर्षी पोरीचं लग्न ठरवायला निघालं, तर ते पान त्याच्यापुढं ठेवता येईल.

मैत्रिणींनो, आपल्या आयांनी पाचवीला सटवाईपुढं कोरा कागद ठेवला. त्यांच्या हातात तेवढंच होतं. आपल्याला लिहिता-वाचता येतं. तर आज रात्री जेवणं झाली की पत्र्याची पेटी उघडा, लेकरांचे दाखले काढा आणि नावाचा रकाना बघा. कोरा असेल तर पुढच्या बैठकीत बोला, आपण मिळून जाऊ. आणि येत्या वाढदिवसाला घरात जितकी लेकरं, तितके पाट मांडा.